मिस्त्रींच्या दाराचं पलस्तर

भिकाजी मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी चौकटीलगतची भिंत बोटांनी वाजवायचे. आवाज भरीव आला तर मान डोलवत आत यायचे. पोकळ आला तर चहासुद्धा तोंड वाकडं करून प्यायचे. मस्तगडात ते आमचे शेजारी. माझ्या घराचं बांधकाम त्यांच्याच हातचं, त्यामुळे माझ्या चहाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या दाराचं मात्र कायमचं रडगाणं. एका अंगाला जुना दगड, दुसऱ्या अंगाला नंतर भरलेली वीट, वर लाकडाची तुळई. "तिघांचं पानी पिणं येगळं, फुगणं येगळं," ते सांगायचे. "मधी तारेची जाळी ठोकल्याबिगर पलस्तर धरत न्हाई." गावभर जाळ्या ठोकत हिंडणाऱ्या या माणसाला घरच्या दारासाठी कधी सवड झाली नाही. त्यांच्या बायकोनं, कौसाकाकूंनी, त्यावरून त्यांना आयुष्यभर टोमणे मारले.

मग त्यांना विसर पडू लागला. आधी अवजारांची नावं गेली, मग नातवंडांची, शेवटी काकूंचं. आपण कुणाच्या तरी घरी कामावर आलोय, असं त्यांना स्वतःच्याच घरात वाटे. काकूंना ते "बाई" म्हणत, घरमालकिणीला म्हणतात तसं. सकाळी उठून दारालगतचं पलस्तर वाजवायचं, पोकळ लागेल तेवढं पाडायचं, माल कालवायचा. आणि थापता थापता मध्येच थांबायचं. पुढचं हाताला आठवत नसे. ओला माल मनगटावरून ओघळत राही. मी नुसती बघत उभी राहायचे. राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हेही कळायचं नाही.

संध्याकाळी ते रस्त्याकडे बघायचे, मग भिंतीकडे, आणि म्हणायचे, "अर्धं काम टाकून जाता येत न्हाई." तेवढ्यावर ते घरात थांबत.

मुलगा दत्ता पुण्याहून सुट्टी टाकून आला. बापाचे सोलवटलेले हात बघून त्याला रडूच फुटलं. त्यानं दुसरा गवंडी लावला, जाळी ठोकून दार पक्कं करून घेतलं. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? काकू नको नको म्हणत होत्या, पण का ते त्यांना नीट सांगता येईना. नव्या भिंतीला मिस्त्री रोज पाणी मारत होते, तोवर सगळं ठीक चाललं.

भिंत वाळली त्या संध्याकाळी त्यांनी ती खालपासून वरपर्यंत वाजवली. सगळीकडे भरीव. त्यांनी हातपाय धुतले, थापी पिशवीत टाकली आणि काकूंपुढे अदबीनं उभे राहिले.

"काम झालं बाई. येतो मंग. घरी बायको वाट पाहून राह्यली."

आणि निघाले. दत्तानं धावत जाऊन हात धरला, तर ते लहान मुलासारखे रडायला लागले. मला घरी जाऊ द्या, एवढंच म्हणत राहिले. आम्ही शेजारीपाजारी नुसते जमलो होतो. कुणाच्यानं काही होईना.

तेवढ्यात काकू आत गेल्या आणि हातोडी घेऊन आल्या. दगड आणि वीट मिळतात तिथलं नवंकोरं पलस्तर त्यांनी विटा दिसेपर्यंत फोडलं. दत्ता "आई, आई" करत राहिला.

"मिस्त्री, हे ऱ्हायलं की," काकू म्हणाल्या.

मिस्त्री रडायचे थांबले. परत येऊन त्यांनी ती जागा न्याहाळली, पिशवी खाली ठेवली. सकाळी करू, म्हणाले, आणि पायरीवर बसले. काकूही बसल्या, मधे अंतर सोडून, परक्या माणसाशेजारी बसावं तशा.