दसऱ्याचं तेल

जवसाच्या तेलाचा वास आला की मला ती जुनी रायफल आठवते. मंद्रूपच्या एका म्हाताऱ्यानं ती सोलापुरातल्या माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आणली होती. सोबत त्याचा मुलगा होता. म्हातारा म्हणाला, “वडलांची हाय, लढाईतली. दर दसऱ्याला तेल चोळून पुजतो. अस्सल हाय की न्हाय, एवढं ह्याला सांगा.” रायफलीवर नेमासाठी बसवलेल्या दुर्बिणीचा नंबर लाकडी दस्त्यावर ठोकलेल्या नंबराशी जुळायला हवा, तो जुळेना, म्हणून मी बोलून गेलो, “बाबा, ही इकडचं तिकडचं जोडून केलीय.” मुलगा हसला. म्हातारा “व्हय का” एवढंच म्हणाला आणि त्याच आठवड्यात ती पोलिसांत जमा करून आला. पुढं एका फौजी मिस्त्रीकडून कळलं, की फौजेत दुर्बीण बदलली की दस्त्यावरचा जुना नंबर खोडून शेजारी नवा ठोकत. आता मी प्रत्येक बंदूक आधी पुसतो. त्या दस्त्यावर, नंबराच्या शेजारी, दसऱ्यादसऱ्याला चढलेला तेलाचा काळा थर मात्र मी बोटानंसुद्धा पुसून पाहिला नव्हता.