छावणीबाहेरची चूल

मी निघाले तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत गाऱ्हाणं घातलं होतं. समोरच्या गावखोलीतल्या दाजीकाकांनी हातात नारळ धरला, डोळे मिटले आणि अख्खा मजला ऐकेल असा आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्यां आमचा चेडू सातासमुद्रापलीकडे दगड वाचूक जाता हा. तेका सुखरूप पोचव नि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खोलीतले सगळे गडी ओरडले. माझी बॅग उचलायला आलेला जौनपूरचा टॅक्सीवालाही ओरडला.

आई तेवढी आमच्या उंबऱ्याच्या आत उभी. गाऱ्हाणं खोलीचं होतं आणि खोलीत बाई नसते.

गावखोली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. मालवणकडच्या आमच्या गावाने वर्गणी काढून ती घेतली होती. गावातला कुणीही पुरुष मुंबईला पोटासाठी आला की त्याला तिथे एक खिळा, एक ट्रंक आणि पथारीपुरती जागा. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. जेवायला मात्र सगळे समोर, आमच्याकडे. आईची खाणावळ होती. लग्नाआधी बाबाही त्याच खोलीतले. गिरणी बंद झाल्यावर ते पत्रकं काढायचे, आणि घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. ते म्हणायचे, "पत्रकात मागणी एकच ठेव. दोन ठेवल्यास तर मालक सोपी तेवढी देतो." बाबा आता नाहीत. खोलीतले गडी पुढे वॉचमन झाले, कुरियरवाले झाले, वॉर्डबॉय झाले. पण संध्याकाळी पाट आमच्याकडेच मांडले जायचे. बांगड्याच्या तिखल्याचा वास जिन्यापर्यंत यायचा.

आता मी डॅन्यूबकाठच्या एका शहरात राहते. विंटर जॅकेट घालून ट्रामने म्युझियमला जाते आणि दिवसभर रोमन छावणीचे लॅटिन शिलालेख वाचते. छावणी तटाच्या आत. तटाबाहेर दुकानं, भट्ट्या, खाणावळी, बायका, पोरं. त्या वस्तीला ते लोक म्हणायचे 'कनाबाय', म्हणजे टपऱ्या. शब्दाचा अर्थ लागला त्या दिवशी मी एकटीच हसले. लष्कराच्या जिवावर उभी राहिलेली आणि लष्कराच्या हिशेबात नसलेली वस्ती. मला ती नवी थोडीच होती!

तिथे नवस फेडल्याचे दगड आहेत, 'आनंदाने फेडला' असं कोरलेले. माणूस मेला तर तो मूळचा कुठला तेही कोरायचे. आणि एक गोष्ट मला जागची हलू देत नाही. शिपायांना कितीतरी पिढ्या लग्नाची परवानगी नव्हती. तटाबाहेर ज्या बाईशी संसार केला ती कायद्याने त्यांची कुणी नव्हती. तरी तिच्या दगडावर शिपाई बिनदिक्कत कोरून घेतो: बायको.

आपल्याकडे गिरणगावावर लिहिणाऱ्यांनी भोंगा लिहिला, संप लिहिला, चिमणी लिहिली. त्या हजारो पोटांत भाकरी जिने घातली, तिला एक ओळ नाही. हा विसर नव्हे, हा अन्याय आहे, आणि तो आपल्याच माणसांनी केलेला आहे.

तर आमची चाळ पडली, टॉवर झाला आणि गावच्या मंडळाला त्यात नवी खोली मिळाली. दारात संगमरवरी पाटी लावायचं ठरलं, जुन्या सभासदांच्या नावांची. बाबांचं नावही होतं. आईचं नव्हतं. मी इथून मंडळाच्या ग्रुपवर पत्रक टाकलं. मागणी एकच: पाटीवर आईचं नाव.

दाजीकाकांचा लगेच फोन. "अगो बाये, पेटतंस किती! ती सभासद नाय. मंडळाच्या घटनेत बसणा नाय."

"काका, आईचं जेवण तुमच्या पोटात बसायचं ते कुठल्या घटनेत होतं?"

"आता तू वाद घालतंस," म्हणाले आणि फोन ठेवला.

आईही फोनवर माझ्यावरच उखडली. ती आता टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहते. "त्या पाटयेर निम्म्या नावांआधी 'कैलासवासी' आसा. माका त्या पंगतीत कित्याक बसवतंस? मी जित्ती आसंय मां अजून!"

मी सांगितलं, रोमन माणसं जिवंतपणीच स्वतःचा दगड करून ठेवायची.

"मगे तेंका दुसरो धंदो नसतलो."

 तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तो उतरवून तिने विचारलं, "तू सांगतंस त्या शिपायांच्या बायलांची नावां कोणी कोरल्यानी? तेंच्या चेडवांनी पत्रकां काढल्यानी?"

"नाही गं. ज्यांना आठवण होती त्यांनी."

"मगे तू गप ऱ्हव. मागान घेतलेल्या नावाची चव लागणा नाय. आठवण आसात तर घालतीत. नसात तर नसात."

तिला काय हवं होतं ते तेव्हा मला कळलं. तिला नाव हवंच होतं, फक्त माझ्या भांडणातून नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रक मागे घेतलं आणि वाट पाहिली. पाटी लागली. आईचं नाव नव्हतं. मी आतल्या आत जळत राहिले.

मग एका रविवारी दाजीकाकांनी फोटो पाठवला. मंडळाच्या पाटीखाली दुसरा दगड, लहान, घटनेत न बसणारा. विरार, डोंबिवली, दिव्याला पांगलेल्या गड्यांनी आपसात ठरवून लावलेला. त्यावर आईचं नुसतं नाव, आडनाव नाही. खाली तिच्या माहेरच्या गावाचं नाव. आणि शेवटी: 'हिच्या हातचं आम्ही जेवलो.'

आईला फोन केला तर म्हणाली, "दगड वाकडो बसवल्यानी." 

चाळ गेली, जुनी खोली गेली, बाबा गेले. इथल्या माझ्या सामायिक फ्लॅटच्या दारावर चार देशांची आडनावं आहेत. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी तो फोटो दाखवते आणि शेवटची ओळ वाचून त्यांना त्यांच्या भाषेत सांगते. त्या ओळीतला 'आम्ही' कोण, असं त्यांनी विचारलं की सांगते, त्यात मी पण आहे.