दद्दांच्या खाटेवर

माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लश्करहून एका लहानशा कस्ब्यात गेली तेव्हा आजोळी रडारड झाली होती. नया बाज़ारात वाढलेली मुलगी, आणि सासर बसने दीडेक तासावर, नदीकाठचं, दुपारी दोनला सगळी दुकानं बंद होणारं. काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं, तिथे बियाण्यांचं दुकान होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दख्खनहून आलेले. तलवार कधीच गेली, आडनाव तेवढं राहिलं होतं.

मावशी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. निवृत्त झाली आणि वर्षभरातच नगरपालिकेचं अध्यक्षपद बाईसाठी राखीव झालं. काकांना बरीच वर्षं राजकारणाची हौस होती. त्यांनी मावशीचं नाव पुढे केलं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं की नाव तिचं लागेल आणि कारभार काका करतील. आसपासच्या गावांत तसंच चालायचं. बाई सही करायची, यजमान मीटिंग घ्यायचे, आणि लोक त्यांनाच ‘अध्यक्षजी’ म्हणायचे. मावशी निवडून आली, कारण तिने शिकवलेल्या मुली आता गावभर सुना आणि आया होत्या.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेले होते. पालिकेतल्या बाबूंनी तिच्या टेबलामागे दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एक जरा मोठी होती. काका सवयीने मोठीवर बसले. मावशीने चष्मा पुसला, एकदा खोलीकडे पाहिलं आणि अगदी घरी बोलावं तशी म्हणाली, “अहो, तुम्ही दुकानावर जा. गिऱ्हाईक परत जाईल. मी जेवायला येतेच.”

काकांना वाटलं ती थट्टा करते आहे. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, उठले, कोट झटकला आणि निघून गेले. मावशी शिपायाला म्हणाली, “भैया, ये दूसरी कुर्सी बाहर रखवा दो, जो मिलने आए उसके काम आएगी.”

काका पुढे बरेच दिवस ताटावरून न बोलता उठायचे. मला त्यांचा राग आला नाही. बायको अध्यक्ष झाली की आपणही होतो, असं त्यांना खरंच वाटलं होतं.

मावशी रोज सकाळी पायी गावात फिरायची. कुठली नाली तुंबली, कुठल्या नळाला गढूळ पाणी येतं, ते स्वतः बघायची. मला यात विशेष काही वाटत नव्हतं. शाळेतही ती अशीच वह्या तपासत वर्गभर फिरायची. ती खरी कोण आहे, ते मला श्रावणातल्या एका दुपारी कळलं.

मी तिच्यासाठी उपासाचा चिवडा घेऊन ग्वाल्हेरहून गेले होते. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. मी पोचले तेव्हा ती पालिकेतच होती. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार, संध्याकाळपर्यंत नदीकाठच्या खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरेल, असा निरोप आला होता. जीप भोंगा लावून फिरून आली होती, पण एकही माणूस घराबाहेर पडला नव्हता. दर पावसाळ्यात भोंगा वाजायचा आणि दर पावसाळ्यात पाणी खालच्या पायरीवरून परत जायचं.

मावशी छत्री घेऊन निघाली. मीही मागोमाग गेले. मोहल्ल्यात शिरताच ती सरळ एका घरापाशी थांबली. तिथे एक म्हातारे राहायचे, पूर्वी धान्याच्या मंडीत पोती उचलणारे. सगळा मोहल्ला त्यांना दद्दा म्हणायचा आणि त्यांचं ऐकायचा.

“दद्दा, ऊपर स्कूल में चलो. इस बार पानी आएगा.”

“अध्यक्षजी, मेरी उमर हो गई. चबूतरे तक कभी नहीं आया. गाड़ीवाले तो हर साल चिल्लाते हैं.”

मला वाटलं ती आता समजावेल, रागावेल, पोलीस बोलावेल. तिने छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि दारातल्या खाटेवर बसली.

“ठीक है. फिर मैं भी यहीं हूँ. बहू, चाय मिलेगी?”

सुनेने चहा टाकला. घरी आलेल्या बाईला दद्दा जा कसं म्हणणार? मावशी सुनेशी बकरीबद्दल बोलत बसली, किती दूध देते, कुणाकडून घेतली. बाहेर गल्लीच्या टोकाला नदी दिसत होती. तिचा रंग मातकट होता आणि आवाज एखाद्या मोठ्या जात्यासारखा येत होता. अख्खं झाड तिच्यातून वाहत गेलं, मुळांसकट.

“मावशी, चल ना,” मी तिच्या कानाशी म्हणाले.

“तू वर शाळेत जा बेटा. चिंता नको करू.”

मी गेले नाही. धैर्य नव्हतं ते, तिला तिथे टाकून जाववेना. पाणी गल्लीत शिरलं, आधी बोटभर, शांतपणे. मोहल्ल्यातली माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली. ती पाण्याकडे पाहत नव्हती, खाटेवर बसलेल्या अध्यक्षांकडे पाहत होती. मावशीने कपबशी खाली ठेवली. पण ती उठली नाही.

दद्दा एकदम उभे राहिले. भिंतीवरची देवांची तसबीर काढून त्यांनी काखेत धरली, बकरीची दोरी सोडली आणि दारात येऊन ओरडले, “चलो रे सब! अध्यक्षजी डूब जाएँगी यहाँ!”

मग अख्खा मोहल्ला निघाला. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, पुढे म्हशी. अर्ध्या वाटेत समोरून ट्रॅक्टर आले, ट्रॉल्या लावलेले. पहिल्यावर भिजलेले काका बसले होते. मंडीतल्या सगळ्या ओळखीच्यांना उठवून त्यांनी ट्रॅक्टर गोळा केले होते. ते म्हाताऱ्यांना एकेक करून हात देत वर चढवत राहिले.

दिवेलागणीला धरणाचा लोंढा आला. सकाळी शाळेच्या गच्चीवरून पाहिलं तर मोहल्ल्याच्या जागी नदीच होती. दद्दांचं घर ओळखता येत नव्हतं. माणूस मात्र एकही गेला नाही.

मी मावशीला विचारलं, “दद्दा उठलेच नसते तर?”

ती भिजलेली वेणी सोडत होती. म्हणाली, “मला पोहता नाही येत गं. पण आपल्या घरी बसलेल्या बाईला तो माणूस बुडू देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला लहानपणी परवचा शिकवणारी, गॅसवर दूध उतू घालवणारी माझी मावशी होती ती. आपल्या माणसाला आपण वर्षानुवर्षं पाहतो आणि मग एखाद्या दुपारी पहिल्यांदा पाहतो.

त्या लोकांना तिने परत खाली जाऊ दिलं नाही. गावाच्या उंच बाजूला पालिकेची जमीन होती, तीच मोहल्ल्याला मिळाली पाहिजे म्हणून अडून बसली. त्या जमिनीवर बड्या लोकांचा डोळा होता. तिच्याच पक्षाचे लोक बैठकीत तिच्या विरुद्ध बोलले. जमीन मिळाली, घरं उभी राहिली, आणि पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट मिळालं नाही.

मागच्या महिन्यात गेले होते. मावशी अंगणात मेथी निवडत बसली होती. नव्या वस्तीतली एक बाई आली, गल्लीतला दिवा आठवडाभर बंद आहे म्हणाली.

“अब मैं अध्यक्ष नहीं हूँ बेटा. पालिका में जाओ, वहाँ सुनेंगे,” मावशी म्हणाली.

बाई पायरीवर बसली. मावशीने मेथीची जुडी माझ्या पुढ्यात सरकवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चपला शोधू लागली. आतून काका म्हणाले, “बाहेर ऊन फार आहे, छत्री घेऊन जा.”