आईचं विरजण

आई गेली तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पायाची जखम चिघळली आणि जंतू रक्तात पसरले, एवढंच डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. आप्पा दौंडला रेल्वेत खलाशी होते. त्या दिवसापासून ते प्यायचं पाणीच काय, माझे चमचेसुद्धा उकळायला लागले.

सुतकात आत्या घरातलं उरलंसुरलं टाकून देत होती. तिनं दह्याचं भांडं उचललं, तेव्हा मी ते काढून घेतलं.

"सुतकातलं दही कुणी ठेवतं का, बाई?"

"हे आईचं विरजण आहे, आत्या."

आईनं ते वरवंडहून, माहेराहून, लग्नानंतर आणलं होतं आणि रोज चमचाभर मागं ठेवून पुढं चालवलं होतं. ते जिवंत असतं हे मला कॉलेजात कळलं. दह्याचा ठिपका काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर बारीक काड्या आणि मण्यांच्या माळा दिसल्या. सर म्हणाले, कोमट दुधात यांचे एकाचे दोन, दोनाचे चार होतात. मी पुस्तकातलं ते चित्र घरी आणून आप्पांना दाखवलं होतं. पुस्तकात त्यांना जीवाणू म्हणतात. घरी मात्र आमच्याकडे एकच शब्द होता, जंतू.

मी कॉलेजला परतताना विरजण आप्पांच्या हवाली केलं. चुलीपाशी कधी न बसलेला माणूस, पण शिकले. शनिवारी मी यायचे तेव्हा दही तयार असायचं, आईच्याच चवीचं. आम्ही भातावर घेऊन खायचो.

परीक्षेमुळं मधे काही आठवडे जमलं नाही. आले तर पातेल्यात नुसतं पातळ, वास मारणारं दूध.

"दही लागंनाच झालंय," आप्पा म्हणाले. "काय चुकलं कळंना. मी तर लई जपून केलं."

"काय केलंत?"

"दह्यात जंतू असत्यात, तूच चित्र दावलं व्हतंस. तू यायची म्हनून विरजण आधी खळाखळा उकळून घेतलं. तुला काय व्हायला नगं."

"मागं ठेवलेलं पण?"

"सगळंच. थोडं कशाला ठिवायचं?"

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी शिकलेली होते, बरोबर की चूक ते मीच सांगणार होते.

"चांगलं केलंत, आप्पा," मी म्हणाले. "दूधच नासकं असेल."

संध्याकाळी शेजारच्या चाचींकडून वाटीत थोडं दही आणलं आणि दूध विरजलं. सकाळी घट्ट दही लागलं होतं. आप्पांनी एक घास खाल्ला, ताटली सरकवली.

"आंबट हाय जरा."

आंबट नव्हतं. मी ताटली उचलली आणि मोरीत धुवायला बसले.