दारावरचा निळा टॉवेल

त्या सकाळी सुलूने खोलीच्या कडीला निळा टॉवेल अडकवला, तेव्हा मी विळीवर नारळ खवत होते. "ताय, छातीत जडजड लागता गो," ती म्हणाली. मी उठले. "चल, डॉक्टराकडे जावया." "ह्यो एक फोन होवंदे, मगे जावया." आणि तिने दार लोटून घेतलं.

सुलू माझी धाकटी बहीण. मालवणजवळच्या एका मोठ्या हॉटेलात जनसंपर्काचं काम करायची. मी चौथी शिकलेली, मला ते काम कळायचं नाही. ती सांगायची, "लोकांनी हॉटेलाबद्दल बरा बोलूक व्हया, ता बघूचा." तिचा नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून मी तिच्याकडेच राहायचे आणि मनूला, तिच्या मुलीला, सांभाळायचे.

टॉवेल आला तो फोनवरच्या एका बैठकीनंतर. सुलू घरून फोनवर बोलत असताना मनू रडली. साहेब म्हणाले, "मॅडम, आधी घर आवरा, मग बोलू." त्याच बैठकीत दुसऱ्या एका साहेबांचा मुलगा मध्येच गाणं म्हणाला होता, तेव्हा सगळे हसले, त्याला आणखी एक म्हणायला लावलं... सुलू हे हसत सांगत होती, पण ताटातली भाकरी तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून कडीला टॉवेल. तो दिसला की मी खवणं थांबवायचं, मनूला घेऊन मागच्या पडवीत बसायचं. कोंबडासुद्धा हाकलायचा. "कोंबडो माझी नोकरी खातलो," म्हणायची. बाहेर आली की चेहरा उतरलेला, आवाज मात्र अजून फोनवरचाच गोड. मग म्हणायची, "थांब, आता माझ्या आवाजात बोलतंय."

त्या सकाळी आत काहीतरी पडलं. मनू धावली, तर मीच तिच्या तोंडावर हात ठेवून तिला मागे नेलं. टॉवेल होता ना... बऱ्याच वेळाने दार ढकललं. सुलू जमिनीवर होती, आणि फोनमधून कोणीतरी विचारत होतं, "मॅडम, ऐकू येतंय ना?"

लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील.

सुलूला जाऊन महिना होऊन गेला. टॉवेल धुऊन मी तिच्या साड्यांत ठेवला आहे. काल माझा फोन वाजला, तशी मनू भातुकली उचलून गुपचूप मागच्या पडवीत गेली. मी मागोमाग गेले. "बोल गो बाय, मोठ्यान बोल."

ती आत, रिकाम्या कडीकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, "आयचो फोन झालो?"

मी विळी ओढली आणि खरखर आवाज करत नारळ खवायला बसले.