डोक्यात गेलेली हवा

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते बॉयलरच्या मागे आपोआप साचतात, गंजासारखे. त्यात मी कमी बोलतो. त्यामुळे लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात आणि साठा आणखी वाढतो!

मी केदार. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत माझ्या मामाचं हीटिंग दुरुस्तीचं काम आहे. शाळा अर्धवट सोडली तेव्हापासून मी त्याच्याबरोबर आहे. आसपासच्या गावांत जुनी घरं भरपूर, आणि आपल्या आयटीतल्या मंडळींनी ती हौसेनं घेतलेली. तळघरात बॉयलर पाणी तापवतो, पंप ते खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरवतो. एवढीच ती यंत्रणा. पाण्यात हवा शिरली तर ती वर जाऊन बसते आणि रेडिएटर थंड पडतो. मग छोट्या किल्लीनं वरचा स्क्रू सैल करून हवा काढायची.

मामा म्हणतो, “हवा डोक्यात गेली की माणूस काय आणि रेडिएटर काय, कामातून जातो. रेडिएटरचं बरं, त्याला किल्ली तरी आहे!”

*

आमच्या गिऱ्हाइकांपैकी सतीशदादांनी व्हिडिओ बघून स्वतःच हवा काढायचं ठरवलं. स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा असतो. यांनी तो पूर्ण काढला! काळं पाणी पिचकारीसारखं उडालं, थेट नव्या क्रीम रंगाच्या सोफ्यावर. स्क्रू गेला सोफ्याखाली. दादांनी भोकावर अंगठा दाबला आणि दुसऱ्या हातानं मामाला फोन लावला.

“रेडिएटर क्रॅश झालाय! रीस्टार्ट कुठून करायचा?”

“अंगठा काढू नका, येतोय,” मामा म्हणाला.

आम्हाला पोचायला चाळीस मिनिटं लागली. दादा तसेच उभे होते, कानाला हेडफोन, मीटिंग चालू. मी सोफ्याखालून स्क्रू काढून बसवला. परत येताना मामा व्हॅनमध्ये म्हणाला, “दोन डिग्र्या घेतल्या माणसानं, आणि शेवटी कामाला आला अंगठा!”

*

आता मिलिंददादा. मूळ नागपूरचे, हुद्दा आर्किटेक्ट. मी पहिल्यांदा त्यांना विचारलं होतं, “मग हे घर तुम्हीच बांधलं?” ते तसले आर्किटेक्ट नव्हते. सॉफ्टवेअरचे होते. तो किस्सा ते अजून लोकांना सांगतात, त्यामुळे मी इथे सांगत नाही.

त्यांची आई, सुमनकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. काका गेल्यानंतर पहिल्यांदाच. मागची खोली त्यांना दिली होती आणि तिथला रेडिएटर रोज रात्री थंड पडायचा. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी बॅग भरायला घेतली.

“रविवारचं तिकीट काढलं आहे मी,” दोन स्वेटर आणि माकडटोपी घालून त्या म्हणाल्या. “माझी हाडं वाजून राहिली. शनिवारपर्यंत खोली गरम झाली तर राहते, नाहीतर चालली मी नागपूरला.”

मी रेडिएटरला हात लावला. चांगला गरम होता!

“आत्ता गरमच असणार. इश्यू इंटरमिटंट आहे,” मिलिंददादा म्हणाले. “एअर लॉक आहे, हवा अडकलीय आत, मी सांगतो तुला.”

मी किल्ली फिरवली. हवा नाही, नुसतं पाणी आलं. तळघरात जाऊन प्रेशर बघितलं, पंप बघितला. सगळं ठीक. तसं मी दादांना सांगितलं.

“तू किती शिकलायस?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

“मग सीनियरला पाठव.”

सीनियर म्हणजे मामा. मामा सातवी.

*

मिलिंददादांच्या ग्रुपवर प्रसाददादा नावाचे त्यांचे मित्र होते. त्यांनी सल्ला दिला की आपण तर रोज हवा काढतो, अगदी शिस्तीत, सकाळच्या स्टँडअप मीटिंगनंतर. दोनच दिवसांत त्यांचा वरचा मजला बर्फ झाला!

मी जाऊन बघितलं. रोज हवेबरोबर थोडं पाणीही जात होतं. सिस्टिममध्ये पाणी भरायचा नळ बंद होता. प्रेशर इतकं उतरलं होतं की पाणी जिन्यापर्यंतही चढेना.

“प्रसाददादा, हवा काढली की पाणी भरावं लागतं.”

“तो वेगळ्या टीमचा स्कोप असेल असं मला वाटलं,” ते म्हणाले.

घरात ते एकटेच राहतात.

*

बुधवारी मिलिंददादांनी परत बोलावलं. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, भिंतीवर मोठा स्क्रीन. काकूंच्या खोलीत त्यांनी चार सेन्सर लावले होते. एक तर माकडटोपीजवळ, उशीवर. स्क्रीनवर आलेख होता. रात्री दहाला रेघ खाली घसरायची, सकाळी सहानंतर वर चढायची. रोज. एक दिवस चुकला नव्हता.

“क्लिअरली बाहेरच्या टेंपरेचरचा इफेक्ट,” दादा म्हणाले. “बॉयलर अंडरसाइज्ड आहे. नवीन टाकावा लागेल.”

बाहेरची थंडी रोज घड्याळ बघून येते का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं नाही. माझं असंच होतं.

त्यांची दहा वर्षांची आर्या सीरियल खाता खाता स्क्रीनकडे बघून म्हणाली, “डॅड, इट लुक्स लाइक इट हॅज अ बेडटाइम.”

“आर्या, नॉट नाऊ,” दादा म्हणाले.

सगळ्या घरात तेवढ्या एका पोरीनं आलेख वाचला होता.

*

गुरुवारी दुपारी मी न बोलावता गेलो. दादा वर मीटिंगमध्ये होते. काकूंनी चहा टाकला आणि दह्याचं भांडं दाखवलं.

“बघ ना, रेडिएटरवर विरजण ठेवते. दिवसा लावलं की दही छान लागते. रात्री लावलं की सकाळी दूध ते दूधच! इथलं दूधच खराब आहे बाप्पा.”

सेन्सरना सगळं विचारून झालं होतं. काकूंना तीन आठवड्यांत कोणी काही विचारलं नव्हतं.

“काकू,” मी धीर करून विचारलं, “झोपायच्या आधी तुम्ही काय काय करता?”

“काय करणार? गोळी घेते, कवळी काढते, सिलिंडर बंद करते आणि झोपते.”

“सिलिंडर? इथे कुठे सिलिंडर?”

त्यांनी मला खोलीत नेलं आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातला गोल नॉब दाखवला.

“हे काय! मिलिंदच म्हणाला, आमचं घर गॅसवर गरम होते म्हणून. चाळीस वर्षं नॉब बंद केल्याशिवाय डोळा लागला नाही माझा. सकाळी उठल्या उठल्या चालू करते ना!”

लोखंड थंड व्हायला तास-दीड तास घेतं. तोवर काकू गाढ झोपलेल्या असायच्या.

त्या नॉबमधून गॅस नाही, गरम पाणी येतं, हे मी हळू आवाजात सांगितलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. आधी हसल्या, मग एकदम वर जिन्याकडे बघून घाबरल्या.

“मिलिंदला सांगू नको हं, बाळा. ग्रुपवर टाकेल तो!”

*

शनिवारी मी गेलो तेव्हा बॅग पलंगाखाली गेली होती. माकडटोपी खुंटीवर. रात्री लावलेलं दही असं लागलं होतं की चमचा उभा राहत होता. मिलिंददादांनी तिकीट कॅन्सल केलं होतं आणि ते लॅपटॉप उघडून बसले होते. चेहरा असा उजळलेला की मला त्यांचा राग धरवेना.

“केदार, रिपोर्ट लिहितोय ग्रुपसाठी. रूट कॉज काय टाकू?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं.

“हवा होती, दादा,” मी म्हणालो. “डोक्यात गेलेली.”

“बघ! एअर लॉक! पहिल्या दिवशी मी काय म्हटलं होतं? आता पूर्ण गेली ना पण?”

मी काही बोलायच्या आत काकूंनी माझ्यापुढे दह्याची वाटी ठेवली.

“रेडिएटरमधली गेली,” त्या म्हणाल्या.