सरळ खाचांची पट्टी

त्या काळी औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवत. पट्टीला कात्रीनं खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. भोरच्या दवाखान्यात मी कंपौंडर होतो, आणि माझ्यासारख्या सरळ खाचा पंचक्रोशीत कुणी पाडत नाही असं माझं मत होतं. इतरांचं काय होतं, ते मी कधी विचारलं नाही.

मग हिवतापाची साथ आली. भाटघर, आंबवड्याकडून माणसं घोंगडी पांघरून कुडकुडत येऊ लागली. मला एकट्याला रेटेना, म्हणून साथीपुरता दुसरा कंपौंडर आला. त्याच्या खाचा उंदरानं कुरतडल्यासारख्या. तरी चार दिवसांत त्याच्या खिडकीशी ही रांग, आणि माझ्यासमोर दवाखान्याचं कुत्रं!

बरं, हिवतापावरचं कोयनेल दोघांचं एकाच बरणीतलं. एका म्हातारबांना मी तसं बजावलंसुद्धा.

"व्हय, पर त्ये आमच्या म्हशीची बी चौकशी करत्यात," म्हातारबा म्हणाले. "तुमी नुसतं खेकसताय, बाटली धुऊन आणा म्हून."

बाटल्या तो स्वतः धुऊन द्यायचा. लोचट मेला!

त्यातच माझ्या बायकोला ताप भरला. तीन गोधड्यांखालून ती म्हणाली, "अहो, औषध त्या दुसऱ्या कंपौंडरांच्या हातचं आणा हं."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही हो. पण त्यांचं लागू पडतं म्हणतात."

अकरा वर्षांचा संसार! मी आणलेली बाटली तिनं दोन दिवस उघडलीसुद्धा नाही. ताप चढत चालला, ती बरळू लागली, तशी माझी पाचावर धारण बसली. पण त्याच्यापुढे बाटली घेऊन उभं राहायला माझा जीव धजेना. नवी बाटली तीनदा धुतली, औषध मीच भरलं, आणि पट्टी त्याच्यासारखी वाकडी कापायला बसलो. हात काही वाकडा चालेना. शेवटी तशीच चिकटवली आणि घरी येऊन म्हणालो, "घे, त्यानंच दिलंय."

तिनं मुकाट्यानं घेतलं. चौथ्या दिवशी ताप उतरला. उठून बसल्यावर तिनं रिकामी बाटली हातात धरून निरखली.

"आला की नाही गुण? आणि खाचा बघा कशा सरळ! तुम्ही उगाच नावं ठेवत होतात. तुमच्यापेक्षा सुबक पाडतात की ते."

ती बरी झाली याचा मला आनंद झालाच. पण खाचा कुणाच्या, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आता इथे वाचेल तर वाचो. त्या गृहस्थाला मात्र मी आजतागायत माफ केलेलं नाही.